हिरो उडायला लागले की...

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या ग्रुपची खरी पंचाईत सुरुवातीला होत नाही, ती हिरो मोठे झाल्यावर होते. ज्यांना भिंत अडवत नाही, अंतर अडवत नाही आणि मरणसुद्धा अडवत नाही, अशा चौघांपुढे गोष्ट तरी कसली मांडायची?

तीन रात्री जागून मी एक मनोरा बांधला होता. सात मजली! ग्राफ पेपर, पॉइंट फाइव्हची पेन्सिल, सगळं साग्रसंगीत. पहिल्या मजल्यावर जवळ गेलं की जिवंत होणारे दगडी पुतळे. दुसऱ्यावर पायाखालून सरकणारी फरशी. चौथ्यावर एक कोडं, जे सुचायला मला एक अख्खा लंच टाइम आणि एक रटाळ मीटिंग खर्ची घालावी लागली होती. आणि सर्वांत वर, सातव्या मजल्यावर, मुडदे उठवणारा मांत्रिक. गेले पाच महिने आमच्या ग्रुपला छळणारा महाखलनायक.

रविवारी संध्याकाळी मंडळी जमली. कोथरूडमधला फ्लॅट, चहा, भडंग, फासे. मी खास ठेवणीतला आवाज काढून मनोऱ्याचं वर्णन केलं. काळा दगड, विजा, घुबडं, वगैरे वगैरे. आमचा विझर्ड दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे भोकं शोधायची त्याला सवयच. त्याने भडंगाचा बकाणा भरला आणि विचारलं, "वर खिडकी आहे का रे?"

"आहे," मी म्हणालो. वर्णनाच्या भरात निघून गेलं.

बस्स! 'फ्लाय' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र. साधा म्हटला तर एक जण उडतो. तोच सहाव्या पातळीची ताकद लावून म्हटला की चौघं उडतात. आणि आमच्या टेबलावर हिरो चारच होते. पुतळे, फरशी, कोडं, सगळं खाली राहिलं आणि ही मंडळी थेट सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत! आमच्या क्लेरिकने 'होल्ड पर्सन' म्हटला. हा तर दुसऱ्या पातळीचा, नवशिक्यांचा मंत्र. माझ्या मांत्रिकासाठी मी फासा टाकला. चार आले. महाखलनायक जागच्या जागी थिजला आणि आमच्या पॅलाडिनने तलवार उपसली. थिजलेल्या माणसाला जवळून घातलेला प्रत्येक घाव दुप्पट फाशांचा असतो. दोन राऊंडमध्ये खेळ खलास. या खेळात एक राऊंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. म्हणजे तीन रात्रींचा मनोरा बारा सेकंदांत!

टेबलावर जल्लोष. मीही हसलो. पण घरी जाताना बाइकवर एकच विचार डोक्यात होता : आता पुढच्या रविवारी यांना देऊ काय?

हाय लेव्हल म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांनी हा प्रकार फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, बाकीचे आपण काय करतो ते सांगतात आणि शंका असेल तिथे फासा निकाल देतो.

पात्रं अनुभवाने मोठी होतात, तीच लेव्हल. सध्याच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ ची, २०२४ मध्ये दुरुस्त झालेली) १ ते २० लेव्हल आहेत. पहिलीतून दुसरीत जायला ३०० अनुभव गुण पुरतात. विसावी गाठायला एकूण ३,५५,००० लागतात. मंत्रांच्या वेगळ्या पातळ्या, १ ते ९, आणि त्या हिरोच्या लेव्हलशी जुळत नाहीत. नवव्या पातळीचा मंत्र सतराव्या लेव्हलला मिळतो. (इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द ठेवण्याची आयडिया ज्याची होती, त्याला माझा सप्रेम नमस्कार.)

पहिल्या लेव्हलचा हिरो म्हणजे ट्रेनी. एखादा गॉब्लिन नीट लागला तरी आडवा. मशाली किती उरल्या, दोर किती फूट आहे, याचा हिशेब. पाचव्याला तो उडू शकतो. नवव्याला आपल्या मेलेल्या मित्राला उठवू शकतो, पाचशे सोन्याच्या नाण्यांचा एक हिरा हवा फक्त. तेराव्याला डोळे मिटून दुसऱ्या शहरात. सतराव्याला 'मीटिऑर स्वॉर्म'. आकाशातून उल्का पाडायच्या आणि चाळीस फासे मोजायचे. सरासरी १४० चा फटका. आणि 'विश'. त्यात काय करता येतं? तोंडाने मागता येईल ते.

आता या माणसाला तुम्ही सात मजली मनोरा देणार!

तीन उपाय, तिन्ही फसलेले

डीएमचा पहिला झटका असतो बंदी घालण्याचा. "या मनोऱ्यात जादू चालत नाही." "भिंतीला असा मंत्र आहे की कुणी उडू शकत नाही." "हे दार कुठल्याच जादूने उघडत नाही." एकदा चालतं. दुसऱ्यांदा चेहरे पडतात. तिसऱ्यांदा कुणीतरी विचारतंच, मग मी दोन वर्षं घासून ही लेव्हल कमावली कशाला? प्रमोशन द्यायचं आणि वर सांगायचं की सगळे ईमेल आधी मला दाखव. तुम्हा-आम्हाला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

गायगॅक्सनेही हा प्रश्न सोसला होता. त्याच्या घरच्या टेबलावर रॉब कुंट्झ आणि त्याचाच मुलगा अर्नी, असे दोन पोचलेले खेळाडू होते. या मुरब्बी मंडळींना घाम फोडायचा म्हणून त्याने एक थडगं रचलं. 'टूम ऑफ हॉरर्स'. १९७५ मध्ये ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात ते खेळवलं गेलं आणि १९७८ मध्ये छापलं गेलं. त्यात राक्षसांशी मारामारी अगदी कमी. भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा, त्याचा आ वासलेला काळा जबडा, आणि त्यात जो डोकावेल त्याचं नामोनिशाण शिल्लक राहत नाही. फासा नाही, अपील नाही! ताकद कितीही असो, इथे सावधपणाचीच परीक्षा. कुंट्झचा रोबिलार मात्र ऑर्क नोकरांना पुढे घालून आत शिरला आणि खजिना घेऊन बाहेर आला. म्हणजे गायगॅक्सलाही खिडकी सापडलीच म्हणायची. हे थडगं आजही गाजतं, पण ते एका संध्याकाळसाठी ठीक. दर रविवारी असलाच छळ मांडला तर चौथ्या रविवारी सगळ्यांना कामं निघतात.

दुसरा उपाय आकडे फुगवण्याचा. हिरो मोठे, तर राक्षस त्याहून मोठा. यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट १९७६ ची. खेळाच्या मालक कंपनीने 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हिरोज' नावाचं पुस्तक काढलं. जगभरचे देव, त्यात आपल्याकडचेही, आणि प्रत्येकापुढे आकडे. संपादक टिम कास्कने प्रस्तावनेत स्पष्टच कान टोचले होते. ठिकठिकाणच्या टेबलांवर चाळिशीपलीकडच्या लेव्हलचे हिरो मोकाट सुटले होते. साक्षात ओडिनला ३०० हिट पॉइंट्स असतील, तर चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या तुमच्या सरदाराला कुणी मनावर का घ्यावं, असा त्याचा सवाल. हेतू हा की पोरांनी जरा जमिनीवर यावं. पण देवापुढे ३०० चा आकडा लिहिलात की खेळाडूला दिसतं एवढंच, की ३०१ चा फटका मारला तर देव मरतो! अनेक टेबलांवर ते पुस्तक शिकारीची यादी म्हणूनच वापरलं गेलं.

पुढे १९८८ मध्ये 'द थ्रोन ऑफ ब्लडस्टोन' आलं. अठराव्यापासून शंभराव्या लेव्हलपर्यंतच्या हिरोंसाठी, थेट ऑर्कस या राक्षसराजाच्या दारात. २००२ मध्ये 'एपिक लेव्हल हँडबुक' आलं, त्यात तर वरची मर्यादाच काढून टाकली होती. आकडे वाढत गेले, बेरजा लांबत गेल्या. पण विसाव्या लेव्हलचा हिरो वीस फुटी राक्षसाला मारतो आणि साठाव्याचा साठ फुटी राक्षसाला, यात गोष्ट कुठे पुढे गेली?

तिसरा उपाय सगळ्यात लोकप्रिय : आधीच गाशा गुंडाळायचा. पाचव्या आवृत्तीच्या गाजलेल्या मोहिमा बघा. 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' पाचव्या लेव्हलपर्यंत, 'कर्स ऑफ स्ट्राड' दहाव्यापर्यंत, 'टूम ऑफ अ‍ॅनिहिलेशन' अकराव्यापर्यंत. विसाव्यापर्यंत नेणारी 'डंजन ऑफ द मॅड मेज' (२०१८) किंवा 'व्हेक्ना : ईव्ह ऑफ रुइन' (२०२४) अशी मोजकीच. पुस्तकात वीस लेव्हल छापलेल्या, आणि बहुतेक गाड्या अर्ध्यातच यार्डात. यात कुणाची चूक नाही. कुणाचं लग्न होतं, कुणाची बदली, कुणाची शिफ्ट. पण माझा राग असा की डीएमसुद्धा मनातून सुटकेचा श्वास टाकतो. मीही टाकणार होतो.

कर्णाची शक्ती

मला मार्ग सापडला तो नियमांच्या कुठल्याच पुस्तकात नाही. सापडला महाभारतात. हसू नका!

कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती होती. कवचकुंडलांच्या बदल्यात मिळालेली. ज्याच्यावर सोडेल तो मेलाच, पण चालणार एकदाच. त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. आता कृष्णाच्या जागी नवखा डीएम असता तर? तो म्हणाला असता, "अर्जुनाच्या रथाला शक्तिरोधक कवच आहे." कृष्णाने तसलं काही केलं नाही. त्याने रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पुढे केलं. कौरवांची फौज डोळ्यांदेखत चिरडली जाऊ लागली, सगळे कर्णाच्या गळी पडले, आणि कर्णाने, पुरतं कळत असताना, शक्ती सोडली. शक्ती खरी होती. चाललीही अचूक. फक्त ज्याच्यासाठी राखली होती त्याच्यावर नाही.

आणि त्याच्या आदल्या दिवशीचा डाव आठवा. अर्जुन जगातला सर्वांत मोठा धनुर्धर. कौरवांनी त्याच्याहून मोठा योद्धा शोधत बसण्यापेक्षा संशप्तकांना पाठवून त्याला लांब ओढून नेलं आणि इकडे चक्रव्यूह रचला. अर्जुनाची ताकद तसूभरही कमी झाली नव्हती. तो तिथे नव्हता, एवढंच.

हाय लेव्हलच्या खेळाचं मर्म इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. हिरोला जे जमतं ते जमू द्यावं. आख्खं जमू द्यावं. प्रश्न बदलावा. खालच्या लेव्हलला टेबलावरचा प्रश्न असतो "जमेल का?" वरच्या लेव्हलला तो व्हायला हवा "कुठलं करशील, आणि कुठलं सोडशील?"

आणि गंमत म्हणजे पाचव्या आवृत्तीचे नियम याला साथ देतात. सतराव्या लेव्हलचा विझर्ड उल्का पाडतो, मान्य. पण नवव्या पातळीची ताकद त्याच्याकडे दिवसातून एकदाच असते. आठ तासांची विश्रांती मिळाली की पुन्हा एकदा. चौदाव्या लेव्हलच्या विझर्डकडे सातव्या पातळीचीही एकच. म्हणजे 'टेलिपोर्ट' एकदा. जाणं होईल, त्याच दिवशी परत येणं होणार नाही. विश्रांती मिळू द्यायची की नाही, घड्याळ किती वेगाने पळवायचं, हे डीएमच्या हातात. बंदी घालायची गरजच उरत नाही.

चाळीस मिनिटं, एकही फासा नाही

मनोऱ्याच्या फजितीनंतर चारेक महिन्यांनी मी हे आमच्या टेबलावर करून पाहिलं. हिरो चौदाव्या लेव्हलला पोचले होते. दिवसभर लढून आलेले, बाकीचे सगळे शॉर्टकट वापरून झालेले, विझर्डच्या हातात एक 'टेलिपोर्ट' शिल्लक. त्याच रात्री दोन बातम्या येतात. राजधानीला वेढा पडलाय, राजा आत अडकलाय. आणि दक्षिणेकडची फौज एका खेड्यावरून जाणार आहे. कुठलं खेडं? जिथे ही मंडळी पहिल्या लेव्हलला असताना पहिल्यांदा मुक्कामाला होती ते. तिथल्या खाणावळवाल्या म्हातारीने यांना उधारीवर जेवू घातलं होतं. ती उधारी दोन वर्षांत कुणी फेडली नव्हती, आणि माझ्या वहीत ती लिहिलेली होती. आठ चांदीची नाणी.

मी सांगितलं आणि गप्प बसलो.

पहिली पाच मिनिटं नियमांत पळवाट शोधण्यात गेली. टेस्टरसाहेबांनी पुस्तक पालथं घातलं. नाही सापडली. मग आमची पॅलाडिन बोलली. ही पोरगी बँकेत लोन सेक्शनला आहे, दिवसभर लोकांना 'नाही' म्हणते. तिच्या पात्राने राजाला शब्द दिला होता, भर दरबारात, गुडघ्यावर बसून. "शब्द म्हणजे शब्द. राजधानी." क्लेरिक म्हणाला, राजाकडे तटबंदी आहे, सैन्य आहे, म्हातारीकडे लाटणं आहे. रोग म्हणजे चोर खेळणारा आमचा मित्र एरवी सोनं सोडून कशावर बोलत नाही. तो म्हणाला, "राजधानी पडली तर अशी पन्नास खेडी जातील रे." खरं होतं. कुणीच चुकत नव्हतं, आणि तोच तर लोच्या होता.

चाळीस मिनिटं. चहा गार. एकानेही फासा उचलला नाही. मी आजवर खेळवलेल्या कुठल्याच ड्रॅगनने असं टेबल गप्प केलं नव्हतं.

शेवटी मंडळी खेड्यात गेली. तिथली लढाई त्यांनी अर्ध्या तासात, अगदी शानमध्ये मारली. चौदाव्या लेव्हलचे हिरो आणि समोर साधे भाडोत्री सैनिक, दुसरं काय होणार! मी मुद्दामच शत्रू सोपे ठेवले होते. इतके दिवस कमावलेली ताकद कधीतरी मोकळेपणाने वापरायला मिळायला हवी ना. म्हातारी वाचली. पॅलाडिनने न बोलता तिच्या हातावर आठ नाणी ठेवली. आणि सकाळी उत्तरेकडे धूर दिसला.

राजधानी पडली होती. पुढचे सहा महिने आमचा खेळ त्या एका रात्रीवर चालला. ती मोडलेला शब्द कपाळावर घेऊन फिरायची आणि भेटेल तो सरदार तिला त्याची आठवण करून द्यायचा. मला नवा राक्षस शोधावा लागला नाही.

एक 'विश', दोन गिऱ्हाईकं

हे सगळ्यात मोठ्या पडद्यावर घडलेलंही आहे. 'क्रिटिकल रोल' हा अमेरिकी व्हॉइस अ‍ॅक्टर्सचा ग्रुप, मॅट मर्सर तेव्हा त्यांचा डीएम. २०१५ पासून ते लोकांसमोर खेळतात. त्यांची पहिली मोहीम ऑक्टोबर २०१७ मध्ये ११५ व्या भागात संपली. ('द लेजंड ऑफ व्हॉक्स मकिना' ही त्यावरची अ‍ॅनिमेशन मालिका सध्या बघत असाल, तर पुढचा परिच्छेद सोडा. नंतर मला शिव्या घालू नका.)

शेवटची लढाई व्हेक्नाशी. देव झालेल्या एका मांत्रिकाशी. सॅम रीगल खेळत असलेल्या स्कॅनलनकडे नवव्या पातळीची एकच ताकद होती आणि 'विश' येत होता. त्यांचा सोबती व्हॅक्स एकदा मरून, मृत्यूच्या देवतेशी झालेल्या करारावर परतलेला. व्हेक्ना हरला की व्हॅक्सने जायचं, असं ठरलेलं. स्कॅनलनने ती एक ताकद त्याला सोडवण्यासाठी मनात जपून ठेवली होती. कुणाला न सांगता. आणि ऐन लढाईत व्हेक्ना निसटून जाऊ लागला. त्याला अडवायला कुणाचा तरी 'काउंटरस्पेल' हवा होता. सॅमने नवव्या पातळीची ताकद लावून तो मारला. त्या वेळच्या नियमाने एवढ्या ताकदीचा 'काउंटरस्पेल' चुकूच शकत नव्हता. व्हेक्ना अडला, पुढे हरला. आणि व्हॅक्स गेला.

ही विनोदी पात्र खेळणारी व्यक्ती होती, आणि रडत होती. नियमाच्या दृष्टीने पाहिलं तर काय घडलं? एका रकान्यातला एक ठिपका खोडला गेला. बस. मर्सरने त्याची जादू काढून घेतली नव्हती. फक्त एकाच वेळी दोन गिऱ्हाईकं दारात उभी राहिली. कर्णाच्या दारात होती तशीच.

आता जरा कामाचं बोलू

तुम्ही स्वतः डीएम असाल तर काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

तयारी कमी करा. खरंच. हाय लेव्हलला नकाशा हे वाया जाणारं भांडवल आहे, मनोरा साक्षीला आहे. त्याऐवजी एका कागदावर चार-पाच माणसं लिहा : कुणाला काय हवंय, आणि हिरोंनी काहीच केलं नाही तर तो पुढच्या तीन दिवसांत काय करेल. हिरो उडोत, गायब होवोत, जमिनीखालून येवोत, माणसाची इच्छा काही बदलत नाही. आणि खेळ संपताना, उठायच्या आधी, विचारून ठेवा : "पुढच्या वेळी कुठे जाणार?" या एका प्रश्नाने माझे जितके रविवार वाचवले तितके कुठल्या पुस्तकाने वाचवले नाहीत.

खलनायकाला एकट्याला उभं करू नका. माझा मांत्रिक कमजोर नव्हता, एकटा होता. चार हिरोंच्या चार पाळ्या होईपर्यंत त्याची एक. पाचव्या आवृत्तीने बड्या राक्षसांना यासाठी दोन सोयी दिल्यात. दुसऱ्यांच्या पाळीनंतर मधेच हालचाल करता येते, आणि दिवसातून ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, फासा फसला तरी तो जमला असं म्हणता येतं. माझ्याकडे हे असतं तर 'होल्ड पर्सन' वाया गेला असता. पण ही मलमपट्टी आहे. साथीदार द्या, पळायची वाट द्या, आणि मुख्य म्हणजे खलनायकालाही खिडक्या कळतात हे लक्षात ठेवा.

लढाई रेंगाळते, हे मात्र खरं. प्रत्येकाच्या कागदावर तीस गोष्टी, प्रत्येक जण पाळी आल्यावर वाचायला सुरुवात करतो. "पुढचा कोण? तयार राहा" हे रेल्वे स्टेशनच्या अनाउन्समेंटसारखं बोलत राहायचं. राक्षसांच्या फटक्यांची सरासरी पुस्तकात छापलेलीच असते, ती बिनदिक्कत वापरा. खेळाडूंनी मात्र फासे टाकावेत. चाळीस फासे ओंजळीत घेण्यातली मजा हिरावून घेणारे आपण कोण?

मरणाचं काय? पाचशे नाण्यांच्या हिऱ्याने नुकताच मेलेला उठतो, पंचवीस हजारांच्या हिऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी मेलेलाही. त्यामुळे हिरोला मारायची धमकी पोकळ. (राज्यातले हिरे संपवणारे डीएम मी पाहिलेत. मग मोहीम बीकेसीतल्या हिरे बाजाराची होते.) धमकी हिरोच्या मागे उभ्या माणसांना असू द्या. त्यासाठी ती माणसं आधी असायला हवीत, म्हणून पहिल्या लेव्हलपासून एक वही ठेवा. म्हातारीची उधारी लिहून ठेवा. १९७८ च्या नियमांत नवव्या लेव्हलचा फायटर गढी बांधून कर गोळा करू लागे आणि १९८४ च्या 'कंपॅनियन' संचात तर जहागिरीच्या जमाखर्चाचे रीतसर नियम होते. जुन्या मंडळींना कळलं होतं की मोठ्या हिरोला गुंतवायचं तर त्याला सांभाळायला काहीतरी द्यावं लागतं.

आणि 'विश'. भस्मासुराची गोष्ट ठाऊक असलेल्या कुठल्याही मराठी डीएमचे हात इथे शिवशिवतात. शब्दात पकडायचं, वर उलटवायचा! माझं ऐका, नका करू. जो माणूस दोन-तीन वर्षं रविवारमागून रविवार येऊन सतराव्या लेव्हलला पोचलाय, त्याला व्याकरणाच्या चुकीवर फाशी देणं हा कद्रूपणा झाला. नियमातच किंमत ठेवलेली आहे. दुसऱ्या मंत्राची नक्कल करण्यापलीकडचं काही मागितलं, तर तेहेतीस टक्के शक्यता अशी की तो माणूस आयुष्यात पुन्हा कधी 'विश' म्हणू शकणार नाही. मागू द्या त्याला. मग टेबलावर फासे ठेवा आणि बघा हात कसा थरथरतो ते.

नवीन ग्रुपला थेट विसाव्या लेव्हलवर बसवू नका, एवढं मात्र विनवतो. कागद वाचण्यातच संध्याकाळ जाते. शिवाय ज्याने कधी मशाली मोजल्या नाहीत त्याला उडण्याचं कौतुक काय?

आमची मोहीम सतराव्या लेव्हलला येऊन थांबली आहे. थांबली म्हणजे संपली नाही. क्लेरिकला जर्मनीचा व्हिसा मिळालाय, त्यामुळे उरलेत पाच रविवार. विझर्डकडे नवव्या पातळीची एक ताकद आहे आणि पॅलाडिनकडे मोडलेला एक शब्द. माझ्याकडे एक कागद आहे, एका बाजूला लिहिलेला.

मनोऱ्याचा नकाशाही आहे अजून. सहा मजले कोरे करकरीत. ऑफिसातल्या तीन ज्युनिअर्सनी नवा ग्रुप काढलाय, मलाच डीएम केलंय, आणि सध्या ते तिसऱ्या लेव्हलला आहेत. 'फ्लाय' पाचव्याला मिळतो. घाई करायला हवी.